हात उचलण्याआधी

विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी कळायच्या. लोहगावहून उठलेलं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की फोनवर बोलणाऱ्यानं गप्प व्हायचं असतं, ही पहिली. दुसरी अशी, की नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक उंच, ताठ म्हातारा पांढराशुभ्र सदरा घालून उभा असतो आणि विमान दिसेनासं होईपर्यंत मान खाली घेत नाही. ते कॅप्टन आनंदराव गजभिये. हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, पुढं प्रवासी विमानांचे कॅप्टन, आणि शेवटची काही वर्षं, त्यांच्याच शब्दांत, 'खिडकीजवळची सीट मिळालेला पॅसेंजर'.

आता त्या बाल्कनीत नुसती वेताची खुर्ची आहे. त्यांची बायको शालन तिच्यावरची धूळ पुसते, पण तिच्यात बसत नाही. विमान गेलं की खालची मुलं अजून सवयीनं वर बघतात.

आनंदराव मूळचे नागपूरचे, इंदोऱ्याचे. वडील कापडगिरणीत कामाला. छप्पन साली, अकरा वर्षांचे असताना, आईनं हातानं शिवलेला पांढरा सदरा घालून, वडिलांचं बोट धरून ते त्या मोठ्या मैदानावर गेले होते, जिथं लाखो माणसांनी एका दिवसात आपला धर्म बदलला. काय आठवतं, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "धूळ आठवते. आणि वडील रडत होते. त्याआधी मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं." पांढऱ्या सदऱ्याचं वेड तेव्हापासूनचं. विमानांचं वेडही साधारण तेव्हापासूनचंच. सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर भाड्याची सायकल लावून हा मुलगा उन्हात उभा राहायचा. घरात शिकून शिक्षक व्हावं, पोस्टात लागावं, एवढीच उडी माहीत होती. तो थेट खडकवासल्याला, सैनिकी शिक्षणाला निघाला, तेव्हा त्याची आई शेजारणीला म्हणाली होती, "पोरगं फार लांब चाललं, आणि वरून उंचही चाललं."

शालनची गोष्ट याच्या अगदी उलटी, कसबा पेठेतल्या गल्लीतली. वडील बापूराव तांबट. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर हातोड्यांचा आवाज पडायचा तो दिवेलागणीपर्यंत. त्या ठोक्यांत बोलायचं म्हणजे आवाज खणखणीत लावावा लागतो. शालन म्हणायची, मला नटी केली ती कुठल्या दिग्दर्शकानं नाही, आमच्या आळीनं केली.

दोघांची भेट झाली ती लोहगावच्या तळावर. जवानांच्या करमणुकीसाठी शालनच्या संस्थेचं नाटक ठेवलं होतं, आणि व्यवस्था पाहायला एक तरुण, काळासावळा अधिकारी नेमला होता. दुसऱ्या अंकात वीज गेली. नाटक थांबलं असतं, पण त्या अधिकाऱ्यानं जीप आणून रंगमंचासमोर उभी केली आणि दिवे लावले. डोळ्यांत ते पांढरे झोत घेऊन शालन उरलेला अंक बोलली. टाळ्या थांबता थांबेनात. सगळे कौतुक करून गेले. शेवटी तो अधिकारी आला आणि टोपी हातात धरून म्हणाला, "वीज गेली तेव्हा तुम्ही एक वाक्य गाळलंत."

शालन चिडायचीच होती. पण वाक्य खरोखरच गळलं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला कळलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, दुपारी तालीम ऐकली होती. किती वेळा? एकदा.

"मग आता लग्नच करावं लागलं," शालन पुढं आयुष्यभर ही गोष्ट सांगताना म्हणायची. "माझ्या चुका ज्याला पाठ आहेत, त्याला बाहेर कसं सोडायचं?"

बापूरावांना जावई मान्य व्हायला वेळ लागला. जात वेगळी, धर्म वेगळा, आणि धंदा तर हवेतला. वर्षभर त्यांनी आनंदरावांचं नाव घेतलं नाही. 'ते विमानवाले' म्हणायचे. लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. त्रिसरण, पंचशील सुरू असताना बापूराव उशिरानं आले आणि मागंच उभे राहिले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. जाताना ते मुलीच्या हातात दिलं. तांब्याची कळशी होती, स्वतः घडवलेली. गळ्यापासून बुडापर्यंत हातोडीचे ठोके असे एकाशेजारी एक बसवलेले, की उन्हात धरली तर कळशी उकळत्या पाण्यासारखी दिसायची.

या कळशीची हकिगत नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

पहिलं बिऱ्हाड आसामात, जोरहाटच्या तळावर. पाणी खालच्या नळाला यायचं. एका संध्याकाळी दोघं मिळून भरलेली कळशी जिना चढवत होते. वरच्या पायरीवर आनंदरावांना वाटलं शालननं धरली, शालनला वाटलं ह्यांनी धरली आहे. कळशी गडगडत खाली गेली आणि शेवटच्या पायरीवर आपटली. पोटाला अंगठा मावेल एवढा पोचा आला. शालन हसत सुटली. वळून बघते तर नवरा पायरीवर बसलेला, चेहरा पांढराफटक.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. डोंगरातल्या चौक्यांवर तांदळाची आणि मिठाची पोती टाकायला ते मालवाहू विमान घेऊन जात. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना कडे. विमानात दोघा वैमानिकांपुढं दोन सुकाणू असतात, पण चालवायचं एका वेळी एकानंच. सोपवताना शब्द उच्चारून सोपवायचं, हे शिकवलेलं होतंच. त्या दिवशी वरिष्ठांनी नकाशा बघायला हात काढले आणि त्यांना वाटलं आनंदनं धरलंय. आनंदला वाटलं त्यांच्याकडेच आहे. दोघंही निवांत. "नाक हळूहळू खाली चाललं होतं, शालन. मागं पोती सरकली, त्या आवाजानं दोघांनी एकदमच झडप घातली. पण तोवर काही क्षण ते विमान कुणाचंच नव्हतं." मग म्हणाले, "मला पडायची भीती वाटत नाही. कुणाचंच नसण्याची वाटते."

त्या दिवसापासून घरात नियम झाला. देणाऱ्यानं विचारायचं, "तुझ्याकडे?" घेणाऱ्यानं सांगायचं, "माझ्याकडे." मग देणाऱ्यानं पुन्हा एकदा, प्रश्न न करता, "तुझ्याकडे," म्हणायचं आणि त्यानंतरच हात उचलायचा. दुधाचं पातेलं असो की गादीची वळकटी. लेक उत्कर्षा झाली तेव्हा दवाखान्यात एवढंसं गाठोडं हातात घेऊन त्यांनी नियम पाळला, आणि नर्स म्हणाली, "अहो साहेब, बाळ आहे, रजिस्टर पार्सल नाही."

सुटीत पुण्याला आल्यावर बापूरावांनी पोच्यावरून अंगठा फिरवला. जावयाकडे न बघता मुलीला विचारलं, "सरकार यांच्या हातात विमान देतं?" शालन म्हणाली, बाबा, ठोकून सरळ करून द्या ना. म्हाताऱ्यानं मान हलवली. "राहू दे तसाच. लक्षात राहील." आणि मग पहिल्यांदा जावयाला थेट म्हणाले, "आनंदराव, चहा घेणार ना?"

बदल्या होत राहिल्या. युद्ध झालं, आनंदराव परत आले, त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. शालन नाटकं करत राहिली, दौऱ्यांच्या गाड्यांतून हिंडत राहिली. नवी भूमिका आली की सुटीवरचा नवरा हा तिचा तालमीचा जोडीदार. समोरच्या सगळ्या पात्रांची वाक्यं तोच वाचायचा, आणि तीही रेडिओवर बोलल्यासारखी, सपाट. नायक प्रेमाची कबुली देतोय की उतरायला धावपट्टी मागतोय, ते कळायचं नाही. शालन हसून हसून खाली बसायची. पण त्या सपाट आवाजातलं एक अक्षरही इकडचं तिकडं व्हायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, समोरच्याचं वाक्य आलं आणि तू गप्प राहिलीस तर काय होतं? ती म्हणाली, "तो उघडा पडतो. तिथंच लटकतो, हलताही येत नाही. आमच्यात याहून मोठं पाप नाही."

"मग आमच्यासारखंच," ते म्हणाले होते.

हवाई दल सोडल्यावर ते प्रवासी विमानांवर गेले. गणवेशाचा रंग बदलला, माणूस नाही. उतरल्यावर ते दाराशी उभे राहून प्रवाशांना नमस्कार करायचे. म्हातारी बायामाणसं त्यांना आशीर्वाद देऊन जायची, ते त्यांना आवडायचं. निवृत्तीचं शेवटचं उड्डाण दिल्ली ते पुणे होतं आणि शालन त्या विमानात होती. चाकं टेकली ती इतकी हलकी की शेजारची बाई झोपेतून उठली नाही. घरी आल्यावर शालननं विचारलं, डोळे लाल का? म्हणाले, "आडवा वारा होता."

आणि मग म्हातारपण. तेही त्यांनी त्यांच्या रीतीनं घेतलं. एका सकाळी विश्रांतवाडीच्या चौकात त्यांना डावीकडून आलेला सायकलवाला दिसला नाही. लागलं कुणालाच नाही, सायकलवाल्यानं दोन शिव्या दिल्या आणि गेला. आनंदराव घरी आले, गाडीची किल्ली शालनपुढं धरली.

"तुझ्याकडे?"

शालनला गाडी चालवता येत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती "माझ्याकडे" म्हणाली. ते "तुझ्याकडे" म्हणाले, हात उचलला, आणि पुन्हा कधी त्या किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. उत्कर्षानं समजावलं, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर परत चालवता येईल, बाबा. ते नुसते हसले. पुढं बँकेचे व्यवहार असेच आले. मग औषधांचा डबा. एकदा सोपवलेलं ते कधीच परत मागत नसत. शालनला हे पक्कं ठाऊक होतं, आणि पुढं तिनं जे केलं ते ठाऊक होतं म्हणूनच केलं.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि भाषा गेली. ज्याच्या जिभेवरून एक अक्षर घसरत नसे, त्याच्याकडे ओंजळभर शब्द उरले. हो. पाणी. कधी कधी, शालन. आणि आश्चर्य म्हणजे, "तुझ्याकडे?" डॉक्टर म्हणाले, जन्मभर वापरलेले शब्द खोल रुतलेले असतात, ते शेवटपर्यंत टिकतात.

त्यांना उचलायला, पुसायला शकू येऊ लागली. धानोरीच्या पलीकडच्या गावातली, पन्नाशीची, नवऱ्यामागं दोन मुली उजवलेली बाई. पहिल्याच दिवशी ती साहेबांच्या हातातला कप काढायला गेली, साहेब सोडीनात. ओढाओढीत चहा पलंगावर. शालननं तिला नियम सांगितला. शकू म्हणाली, "बाई, असं इचारून इचारून संसार केला असता तर माझी एक बी थाळी फुटली नसती." पण शिकली. कप असो, चष्मा असो, साहेब डाव्या हातात धरून थांबायचे, विचारायचे, आणि उत्तर आल्यावरच बोटं सैल करायचे. बहुतेक वेळा उत्तर शालनच द्यायची, मग ती कुठल्याही खोलीत असो. शकू ऐकत असायची.

थंडी संपता संपता हृदय थकलं, मग मूत्रपिंडं. यंत्रांना बांधून ठेवायचं नाही, हे त्यांनी धडधाकट असतानाच सांगून ठेवलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर जिन्याशी उभे राहून म्हणाले, त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आता आपल्याकडे आहे.

त्याच दुपारी आनंदरावांनी डावा हात उचलला. तळवा वर. हातात काही नव्हतं.

"तुझ्याकडे?"

शालनला वाटलं चष्मा हवा असेल. तिनं चष्मा तळहातावर ठेवला. त्यांनी तो शांतपणे बाजूला ठेवला आणि रिकामा हात पुन्हा पुढं केला. तिच्याकडे बघत राहिले. मग शालनला उमगलं. किल्ली, बँक, औषधं सगळं देऊन झालं होतं. उरलं होतं तेच ते देत होते. आणि एकदा दिलं की हा माणूस परत मागत नाही.

"नाही," ती म्हणाली. "हे तुमच्याकडेच राहू द्या."

हात खाली आला नाही.

शालनचं सगळं आयुष्य रंगमंचावर गेलं होतं, म्हणून तिच्या मनानं घेतलं ते असं. पडदा नेहमी शेवटच्या वाक्यावर पडतो. वाक्यच दिलं नाही तर पडणार कसा? दोरी धरून बसलेला माणूस वाट बघत बसेल. दुसऱ्या कुणाला हा वेडेपणा वाटला असता. तिला तो वाटला नाही. ती त्यांच्या उशाशी बसून बोलत राही. कसब्यातल्या गोष्टी, जोरहाटच्या गोष्टी, कात्रजचं दूध आज नासलं ही गोष्ट. फक्त तेवढं एक वाक्य सोडून सगळं बोलायची.

आणि आनंदराव, जन्मभर शिस्तीचे, उत्तर आल्याशिवाय हात सोडीनात. ग्लानीत जायचे, जागे व्हायचे, हात उचलायचे. हात थरथरायचा. शकूनं कोपराखाली उशी दिली. घास बंद झाला, पाणी चमच्यावर आलं. श्वास कळशीतून शेवटचं पाणी ओतावं तसा, थांबून थांबून. तरी तो हात वर होताच.

उत्कर्षा बंगळूरहून आली. तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. तिनं स्वतः वडिलांचा हात धरला आणि म्हणाली, "माझ्याकडे, बाबा. माझ्याकडे द्या." आनंदरावांनी डोळे उघडून तिला पाहिलं. गालावर हसल्यासारखं काहीतरी हललं. मग तिच्या हातातून हात सोडवून घेतला आणि पुन्हा शालनच्या दिशेनं धरला.

स्वयंपाकघरात मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"आई, थकलेत गं ते. एकदा म्हण."

"मी नाही म्हणणार."

"स्टेजवर तू कुणाला असं लटकत ठेवलं असतंस?"

"स्टेजवर मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी चहाला येतो," शालन म्हणाली.

उत्कर्षा पुढं आली. आईला जवळ घेऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवल्यावर शालनला बाहेरच्या खोलीतला तो श्वास ऐकू येत होता, आणि दोन श्वासांच्या मधली ती जागा. त्या जागेत तिला जीपचे दिवे दिसले. त्यांच्यामागं अंधारात उभा असलेला, आपलं हुकलेलं वाक्य लक्षात ठेवणारा मुलगा दिसला. याला आपण लटकवलं. ज्यानं आपल्यासाठी शंभर पात्रांची वाक्यं न चुकता वाचली, त्यालाच.

दुपारी उत्कर्षा औषधं आणायला खाली गेली. शालननं दूध तापत ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिनं ठरवलं होतं. दूध वर आलं की गॅस बंद करायचा, बाहेरच्या खोलीत जायचं, त्यांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं. आयुष्यात तिनं एकही वाक्य तालमीशिवाय म्हटलं नव्हतं. हलक्या आवाजात तिनं म्हणून बघितलं, "माझ्याकडे." आवाज फुटला. असं नाही चालायचं. रडत म्हटलं तर त्यांना खरं वाटणार नाही. जोरहाटच्या जिन्यावर म्हणायची तसं सहज यायला हवं. ती घोटभर पाणी प्यायली. पुन्हा म्हटलं. पुन्हा फुटला. तिसऱ्यांदा जरा बरा लागला. आणखी एकदा, की झालं.

आणि तिला ते वाक्य ऐकू आलं. बाहेरच्या खोलीतून. सहज, रोजच्यासारखं, अगदी तिच्याच हेलात.

"माझ्याकडे."

मग आनंदरावांचा आवाज. खोल, सुकलेला, पण स्पष्ट. प्रश्न नसलेला. "तुझ्याकडे."

शालननं गॅस बंद केला. एवढं ती विसरली नाही. दारात आली तेव्हा तो हात चादरीवर होता. बोटं मोकळी झालेली. डोळे मिटलेले, आणि कपाळावरची कितीतरी दिवसांची आठी गेलेली. पलंगाशी शकू गुडघ्यांवर बसली होती.

शालन पुढं झाली. त्यांच्या कानाशी वाकली. तालीम केलेलं वाक्य ओठांवर होतं. पण ते आता उच्चारलं असतं, तर मघाचा आवाज आपला नव्हता हे त्यांना कळलं असतं, आणि सोपवून मोकळा झालेला तो हात पुन्हा वर आला असता. तिनं ओठ मिटले. नुसती त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसली. उत्कर्षा आली, तीही बसली. उन्हं बाल्कनीतून उतरली. लोहगावहून एक विमान उठलं, डोक्यावरून गेलं. आनंदरावांनी त्याच्यासाठी डोळे उघडले नाहीत. अंधार पडायच्या आत दोन श्वासांच्या मधली जागा वाढत गेली आणि मग नुसती जागाच उरली.

डॉक्टर येऊन गेल्यावर शालन स्वयंपाकघरात शकूपाशी गेली. ओरडली नाही.

"माझं वाक्य होतं ते, शकू."

शकूनं पदर तोंडाला लावला. "व्हय, बाई. पर साहेबांचा हात लई कापत हुता. डोळं मिटून सारखं इचारत हुते. मला बघवंना."

शालनला पुष्कळ बोलायचं होतं. मी येतच होते. दूध वर यायचं होतं फक्त. पण हे कुणाला सांगायचं? ती वळून गेली. दुसऱ्या दिवसापासून शकू आली नाही.

हवाई दलाच्या लोकांनी पुष्पचक्र आणलं. त्रिसरण, पंचशील झालं. सोसायटीची माणसं पांढऱ्या कपड्यांत खाली उभी राहिली. सगळे म्हणाले, शेवटी किती शांत दिसत होते, तुम्ही केलंत हो सगळं. शालन हात जोडत राहिली. तिला त्या शांत चेहऱ्याचाच त्रास होत होता. ती शांतता आपण दिली असं समजून ते गेले की नाही? आवाज ओळखला होता का त्यांनी? ज्याला एकदा ऐकलेली तालीम पाठ व्हायची, त्याला एवढं कळलं नसेल? की कळूनही, शालननंच धाडलेलं माणूस आहे म्हणून सोडून दिलं? या प्रश्नाचं उत्तर देणारा एकच होता.

अस्थी नागपूरला न्यायच्या होत्या, कन्हान नदीत, जिथं त्यांच्या आईवडिलांच्याही सोडल्या होत्या. उत्कर्षानं स्टीलचा बंद डबा आणला होता. शालन म्हणाली, कळशी. उत्कर्षा म्हणाली, आई, विमानात नेताना सोपं पडेल. शालन म्हणाली, "त्यांना विमानात कसं न्यायचं ते मला नको शिकवू." कळशीच्या तोंडाला पांढरं कापड बांधलं, त्यांच्याच एका सदऱ्याचं. तिकिटं उत्कर्षानंच काढली होती. एक सीट खिडकीजवळची.

निघायच्या सकाळी दार वाजलं. शकू उभी होती. वरच्या मजल्यावरच्या बाईकडून कळलं म्हणाली, आज साहेबांना नेणार हाय. आत येऊ का, असं तिनं विचारलं नाही. नुसती चपला काढून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. शालन तिच्याकडे बघत राहिली. त्या बाईचे हात तिला दिसले. किती महिने याच हातांनी त्यांना कुशीवर वळवलं होतं, दाढी करून दिली होती, पाठीला पावडर लावली होती. आपण उशाशी बसून वाक्य दाबून धरलं, तेव्हा त्या थरथरत्या हाताखाली उशी कुणी दिली होती?

"ये," शालन म्हणाली. "माझे गुडघे चालत नाहीत. कळशी तू घे खाली."

उत्कर्षा बॅगा घेऊन पुढं गेली. शकूनं कळशी छातीशी धरली आणि एकेक पायरी बघत जिना उतरली. मागून कठड्याला धरून शालन. फाटकाशी गाडी उभी होती. वॉचमननं दार उघडून धरलं. शालन आत बसली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढं केले.

शकू वाकली. कळशी शालनच्या हातांवर आली, पण हलकीच, कारण शकूनं ती सोडली नव्हती. दोघींचे हात तांब्यावर. शालनचा अंगठा आपोआप त्या पोच्यात जाऊन बसला होता.

"तुमच्याकडं, बाई?" शकूनं विचारलं.

पुढं बसलेली उत्कर्षा वळली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. शकू तशीच वाकून उभी होती, हात अवघडले असतील, पण उत्तराशिवाय सोडायचं नाही हे तिला याच घरानं शिकवलं होतं. विमानाची वेळ होत आली होती. कुणी घाई केली नाही.

शालननं श्वास घेतला.

"माझ्याकडे," ती म्हणाली. आवाज फुटला. तालमीत फुटायचा तसाच.

"तुमच्याकडं," शकू म्हणाली, आणि मग तिनं हात उचलले.